पाट फुटला आहे

गेल्या रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन मोबाइल उघडला, तर आमच्या व्हॉट्सॲपवरच्या वाचकगटावर ११२ न वाचलेले संदेश साचले होते. सहा वर्षांपूर्वी आम्ही ३१ जणांनी हा गट सुरू केला, तेव्हा महिन्याला एक पुस्तक वाचायचं आणि शेवटच्या रविवारी त्यावर बोलायचं, एवढाच बेत होता. पहिल्याच वर्षी भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वरून दोन रात्री भांडण चाललं. एक निवृत्त पोस्टमास्तर रागावून गट सोडून गेले आणि तिसऱ्या दिवशी ‘तरीही माझं म्हणणं तेच आहे’ असं लिहीत परत आले. आज त्या गटात ८५० माणसं आहेत. ११२ संदेश मी बसून चाळले. नऊ नवी मुखपृष्ठं, चार प्रकाशन समारंभांच्या पत्रिका, ‘सवलतीचे शेवटचे दोन दिवस’ अशी बजावणी करणारे तीन संदेश, एका मुलाखतीची तीन वेगवेगळ्या माणसांनी टाकलेली एकच चित्रफीत, यूट्यूबचे दुवे, आणि उरलेलं जवळजवळ सगळं ‘हार्दिक अभिनंदन’, फुलांचे गुच्छ, जोडलेले हात. या गर्दीत मधेच एका बाईंनी एका कादंबरीचं नाव लिहून विचारलं होतं, ‘कुणी वाचली आहे का? घ्यावी की नको, कळत नाहीये.’ संध्याकाळपर्यंत त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं.

वाचकांच्या गटात पुस्तकाबद्दल विचारलेल्या एकुलत्या एका प्रश्नाला उत्तर मिळत नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

या गटातलं कुणी लबाड नाही. बहुतेकांना मी ओळखतो. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस पदरचे पैसे घालून कादंबरी छापतो, प्रतींचे गठ्ठे दिवाणाखाली सरकवतो आणि रोज रात्री त्यांच्यावर झोपतो. त्याने चार ठिकाणी सांगायचं नाही, तर करायचं काय? मी तरी कुठे वेगळा आहे? माझा लेखसंग्रह आला, तेव्हा एकाच दुपारी अकरा गटांवर एकच मजकूर चिकटवला होता. अडीचशेच्या आसपास अंगठे आले. त्या वाटेने महिन्याभरात चार प्रती गेल्या. त्यातल्या दोन मावसबहिणीने घेतल्या, आणि एक परत पाठवली.

म्हणून हा प्रश्न शिष्टाचाराचा आहे, असं मी मानत नाही. आपली आपण स्तुती करणाऱ्याला दासबोधाने मूर्खांच्या यादीत बसवून साडेतीनशे वर्षं होऊन गेली. तेवढ्याने कुणी थांबलेलं नाही. प्रश्न दराचा आहे. हे मला त्या पोस्टमास्तरांनी समजावून दिलं.

ते म्हणाले, ‘अहो, साधं पोस्टकार्ड पन्नास पैशांना. त्याच मापाचं छापील मजकुराचं कार्ड सहा रुपयांना. आणि टीव्हीवरच्या स्पर्धांची उत्तरं पाठवायचं स्पर्धा-पोस्टकार्ड दहा रुपयांना. पोस्टमन तोच, सायकल तीच, अंतरही तेच. मग बारापट आणि वीसपट दर कशाला?’ उत्तर त्यांनीच दिलं. एका माणसाने एकाला हाताने लिहिलेलं ‘इकडे सर्व खुशाल’ पोचवायला सरकार तोटा सोसायला तयार असतं. तोच मजकूर हजारांना छापून पाठवणाऱ्यासाठी मात्र तेवढा तोटा सोसायला सरकार तयार नसतं. एकाने एकाशी बोलणं वेगळं आणि एकाने हजारांसमोर ओरडणं वेगळं, हे टपाल खात्याने कोणताही उपदेश न करता नुसत्या दरातून सांगून टाकलं होतं.

पुढे २००२मध्ये खात्याने ‘मेघदूत’ नावाचं कार्ड काढलं. पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली आणि कार्डाची किंमत निम्मी, म्हणजे २५ पैसे. जाहिरात डोळ्यांसमोर यायची, पण तिच्यापायी पत्र लिहिणाऱ्याचे चार आणे वाचायचे. ते चार आणे जाहिरातदार भरायचा. दिवाळी अंकाचा व्यवहारही असाच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजवर मराठी कथा-कवितांचं मोठं ओझं तेल, मसाले, सोनं, पतपेढ्या आणि बांधकामवाल्यांनी उचललेलं आहे. कथा वाचता वाचता मधे सराफाचं पान आलं म्हणून कुणी अंक फेकून दिल्याचं ऐकिवात नाही. जाहिरात कुठे संपते आणि कथा कुठे सुरू होते ते कळत होतं, आणि त्या पानाच्या भाड्यावरच पुढचं पान छापलं जात होतं. तेव्हा जाहिरातीवर माझा राग नाही. भाडं न भरता येणाऱ्या जाहिरातीवर आहे.

पोस्टमास्तरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तिकीट न लावलेलं किंवा कमी लावलेलं पत्र आलं, की त्याला नॉटपेड म्हणत. राहिलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होत. ‘पण घेणाऱ्याला ते नाकारता यायचं हो,’ ते म्हणाले. ‘तुमच्या गटावरचं सगळं टपाल नॉटपेड आहे, आणि नाकारायची सोय नाही.’

हिशेब मांडून पाहा. एक मुखपृष्ठ गटावर टाकायला एका बोटाचं काम. ते पाहून पुढे सरकवायला माणशी दहा सेकंद धरले, तरी ८५० माणसांचे दोन तास वीस मिनिटं जातात. त्या रविवारच्या नऊ मुखपृष्ठांचे मिळून २१ तास झाले. कादंबरीच काय, तेवढ्या वेळात कथासरित्सागराचं एखादं अख्खं बाड वाचून होईल. पण हे २१ तास कुणा एकाच्या खिशातून जात नाहीत, म्हणून कुणाला दुखत नाही. माहितीचा सुकाळ झाला की लक्षाचा दुष्काळ पडतो, हे हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१मध्येच सांगून ठेवलं होतं. त्याच्या डोळ्यांपुढे मोठमोठ्या कचेऱ्या होत्या. व्हॉट्सॲप यायला अजून ३८ वर्षं होती.

हा फुकटेपणा उघडपणे वापरल्याचं एक गाजलेलं उदाहरण नोंदलेलं आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोनात लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल हे वकील दांपत्य होतं. एप्रिल १९९४मध्ये त्यांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीत अर्ज भरून देण्याची आपली जाहिरात यूजनेटवरच्या पाच हजारांहून अधिक चर्चागटांवर एका झटक्यात टाकली. गटाचा विषय काहीही असो, जाहिरात तीच. लोक खवळले. त्या दोघांना मात्र पस्तावा झाला नाही. उलट इंटरनेटवर पैसा कसा करावा याचं पुस्तकच त्यांनी त्याच वर्षी लिहिलं. त्यांच्यावर निदान चिडता तरी येत होतं, कारण ते बाहेरून आलेले दुकानदार होते. आमच्या गटावर सगळे घरचेच आहेत. ज्याला ओरडू नको म्हणावं, त्याच्या मुलीच्या लग्नात आपण जेवून आलेलो असतो.

आणि तिथेच आहेर सुरू होतो. लग्नात कुणी किती घातले, ते एक जण वहीत लिहून ठेवतो. पुढे त्यांच्याकडे कार्य निघालं की वही काढून तेवढेच घालायचे, वर एक रुपया. गटावरच्या अंगठ्यांची अशीच वही असते, फक्त ती मनात असते. तू माझ्या मुखपृष्ठाखाली गुच्छ ठेवलास, आता तुझ्या प्रकाशनाला मी ठेवला पाहिजे. तिने माझ्या कवितेला ‘अप्रतिम’ म्हटलं, तर तिच्या गझलेला मी ‘व्वा’ तरी म्हणायला हवं. कविता वाचली की नाही, हे कोण विचारतो? ‘अप्रतिम’ या शब्दाचा आमच्याकडे आता ‘पोचली’ एवढाच अर्थ उरला आहे. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात, तसं कुणीतरी एकदा कवितेखाली छापायला हवं.

याचा सगळ्यात वाईट परिणाम त्या बाईंच्या प्रश्नावर होतो. त्यांना खरं उत्तर द्यायचं, तर ‘पहिली शंभर पानं चांगली आहेत, पुढे लेखक दमला आहे’ असं लिहावं लागलं असतं. पण तो लेखक गटातच आहे. त्याने माझ्या पुस्तकाला गुच्छ घातलेला आहे. मग मी गप्प बसतो. साडेआठशे माणसं गप्प बसतात. जिथे सगळेच विक्रेते असतात, तिथे दुसऱ्याच्या मालाला कुणी नाव ठेवत नाही, आणि नाव ठेवण्याची सोय गेली की नावाजण्यातही दम राहत नाही.

सामायिक गोष्ट सांभाळायची रीत आपल्याकडे नव्हती असं नाही. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, फड पद्धत नावाची एक जुनी व्यवस्था होती. काही ठिकाणी तिचे अवशेष अजून आहेत. नदीवर दगडी बंधारा घालायचा, त्यातून पाट काढायचा, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडायचे. तो तुकडा म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी मिळून ठरलेलं एकच पीक घ्यायचं. पाणी पाळीने. पाळी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, वर देखरेखीला हवालदार, आणि तंटा झाला तर पंच. या माणसांचा मेहनताना सरकार देत नसे, पाणी घेणारे शेतकरी देत. तीनशेहून अधिक वर्षं ही रीत चालली. बागायतदार काही संत नव्हते. रात्री पाट फोडून आपल्या वाफ्यात पाणी वळवायची इच्छा प्रत्येकाला होत असणार, नाहीतर जागल्या कशाला ठेवला असता? पण पाट फोडला की दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाला कळायचं, आणि पुढच्या पाळीला ते महागात पडायचं.

सामायिक कुरण असलं, की जो तो आपली जनावरं वाढवत नेणार आणि शेवटी कुरणच उजाड होणार, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्ये एका गाजलेल्या लेखात मांडलं. इलाज दोनच, एकतर खासगी मालकी किंवा सरकारी दंडुका. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी जगभरची कुरणं, जंगलं आणि पाट धुंडाळले आणि १९९०च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की तिसरा रस्ता शेकडो वर्षं चालत आला आहे. लोक आपले नियम आपण करतात, राखणदार आपला ठेवतात, आणि चुकणाऱ्याला आधी लहान, मग मोठा दंड करतात. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात पाण्याचे पंच आजही दर गुरुवारी दुपारी चर्चच्या दारात बसून तंटे तोडतात. या अभ्यासासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी व्हॉट्सॲप निघालं, हा निव्वळ योगायोग.

आमच्या गटाचं लक्ष हे त्या पाटाचं पाणी आहे. ते कुणा एकाचं नाही, आणि ते मोजकं आहे. आज आमच्याकडे ना पाटकरी आहे, ना जागल्या. प्रत्येकाच्या हातात फावडं आहे, आणि रात्र चोवीस तासांची आहे. सगळ्यांनी एकाच वेळी पाट फोडला की कुणाचंच शेत भिजत नाही, नुसता चिखल होतो. माझ्या अडीचशे अंगठ्यांतून चार प्रती निघाल्या, त्या याच चिखलातून.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. गप्प बसा, पाळीने बोला, हे आजवर कुणी कुणाला सांगत आलं? गावात दवंडी कुणी पिटायची, ते जातीने ठरवलं होतं, आणि कुणासाठी पिटायची, ते पाटील-कुलकर्ण्यांनी. साहित्यातही फार वेगळं नव्हतं. पुण्या-मुंबईतल्या चार कचेऱ्यांत बसलेली माणसं कुणाचं छापायचं ते ठरवत. त्याच रागातून साठच्या दशकाच्या अखेरीला लघुअनियतकालिकवाल्यांनी ‘सत्यकथा’ मासिकाच्या अंकाची होळी केली. आज नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या कवीला सदाशिव पेठेतल्या कुणाच्या जिन्यावर ताटकळावं लागत नाही. त्याच्या हाती मोबाइल आहे. त्याला ‘जरा कमी बोला’ म्हणणारा मी कोण? त्या जुन्या शांततेची मलाही हौस नाही. ती शांतता अनेकांच्या तोंडावर हात ठेवून मिळवलेली होती.

पण हा आक्षेप शेवटपर्यंत नेला, तर तो उलटा फिरतो. गोंगाट वाढला की फायदा कुणाचा होतो? ग्रंथालयाच्या टेबलावर वीस नवी पुस्तकं असली, तर वाचक एकेक उचलतो, मलपृष्ठ वाचतो, मधलं एखादं पान उघडतो. अनोळखी नावालाही संधी मिळते. तिथे दोन हजार पुस्तकं ओतली, तर तो घाबरतो आणि ओळखीचं नाव शोधतो. कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात जा, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ आणि ‘श्रीमान योगी’ यांचे ढीग तसेच्या तसे उभे असतात. ती पुस्तकं लोकप्रिय आहेत यात वाद नाही. पण निवड करून थकलेला वाचक सुरक्षित माल घेतो, हेही त्या ढिगांचं एक कारण आहे. शिवाय गोंगाटातही ज्याच्याकडे पैसा आहे, तो भोंगा विकत घेतो. रील करून देणारे, ‘पंधरा हजार फॉलोअर्स’वाले पुस्तकप्रेमी, वर्तमानपत्रातली पानं, हे सगळं मोठ्यांना परवडतं. नंदुरबारच्या कवीकडे एकच भांडवल होतं: कुणीतरी वाचून मनापासून दुसऱ्याला सांगणं, ‘हे वाच.’ आम्ही ‘अप्रतिम’चा भाव पाडला, तेव्हा बुडालं ते त्याचंच भांडवल. दारावरचा रखवालदार हटवला म्हणून आम्ही खूश झालो. दारात एवढी गर्दी केली, की आत कुणालाच जाता येत नाही, हे कुणी पाहिलं नाही.

प्रचार करूनही वाचकांचा समूह उभा राहतो, हे मराठीत घडलेलं आहे. १९७४च्या सुमाराला सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला वाचक चळवळ म्हणवलं. आगाऊ नोंदणी घेऊन पुस्तकं छापली, पुस्तकांच्या गाड्या गावोगाव नेल्या, प्रदर्शनं मांडली, भाषणं केली. प्रचार भरपूर होता, गाजावाजाही. त्या वाटेने १९७८मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८०मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’. फरक एवढाच, की गावोगाव हिंडणारी माणसं बहुधा दुसऱ्याचं पुस्तक घेऊन हिंडत होती. स्वतःच्या गाडीभाड्याने आलेला माणूस परक्याचं पुस्तक पुढे करून ‘हे वाचा’ म्हणतो, तेव्हा आपण ऐकतो. त्याने काहीतरी मोजलेलं असतं.

पाठवणं थोडं जड केलं तर खरंच फरक पडतो का? याचं उत्तर एका भीषण प्रसंगातून मिळालं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. त्या उन्हाळ्यात देशात असे प्रकार ठिकठिकाणी घडले. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, अशी मर्यादा घातली. ती पुढे जगभर लागू केली. २०२०च्या एप्रिलमध्ये वारंवार पुढे ढकलल्या गेलेल्या संदेशांना एका वेळी एकाच ठिकाणची मर्यादा आली, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं कंपनीने सांगितलं. मुखपृष्ठांची आणि त्या अफवेची तुलना करण्याचा अविचार मी करणार नाही. पण कुणाचंही मन न बदलता, कुणाला नीतिपाठ न देता, केवळ चार बोटांचं काम वाढवल्याने एवढा फरक पडला, हे विसरण्यासारखं नाही.

मग कंपन्यांनीच आमचाही पाट बांधून द्यावा, असं कुणी म्हणेल. त्यांची ती इच्छा नाही. व्हॉट्सॲपच्या संस्थापकांनी २०१२मध्ये आपण जाहिराती का विकत नाही, याचं लांबलचक स्पष्टीकरण दिलं होतं. तेव्हा वर्षाला एक डॉलर शुल्क होतं. २०१४मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलरना ती कंपनी घेतली, २०१६मध्ये शुल्क बंद झालं, आणि जून २०२५मध्ये स्टेटसच्या पानावर जाहिराती येणार असल्याची घोषणा झाली. डॉलर गेला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या. फेसबुकचं तर जवळजवळ सगळं उत्पन्न जाहिरातींचंच. २०१८च्या जानेवारीत त्यांनी ठरवलं, की ज्या मजकुरावर लोकांची चर्चा जास्त होईल, तो जास्त जणांना दाखवायचा. तेव्हापासून ‘हवं असल्यास कमेंटमध्ये “हवं” लिहा’ हे वाक्य मराठी साहित्यात रुजलं. आपण फुकट ओरडायची सवय लावून घेतो, मग आपला आवाज हळूहळू पोचेनासा होतो, आणि मजकुराखाली ‘बूस्ट’ची निळी कळ दिसू लागते. फड पद्धत मोडली तीही काहीशी अशीच. वरच्या अंगाला मोठी धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, पाण्याचा निर्णय गावाच्या हातून निसटला. वरचं दार आपल्या हाती नाही. खालच्या पाटावर मात्र आजही आपली सत्ता चालते. कोण बोलेल, कधी बोलेल, हे ठरवायची कळ २०१८पासून प्रत्येक गटाच्या चालकाला मिळालेली आहे. आम्ही ती वापरत नाही, कारण संकोच वाटतो.

मी आणि पोस्टमास्तर यांनी मिळून एक प्रस्ताव तयार केला. आठवडी बाजार गावात एकाच दिवशी भरतो, तसं स्वतःच्या पुस्तकाबद्दल फक्त शनिवारी लिहायचं. ज्याला लिहायचं आहे, त्याने त्याआधी गटातल्या दुसऱ्या दोघांच्या पुस्तकांवर प्रत्येकी दहा ओळी लिहिलेल्या असाव्यात. स्तुतीच हवी असं नाही. बाजार म्हटला की जागेचं भाडं आलं. ते असं: ज्या पुस्तकाची जाहिरात, त्याची एक प्रत गावाकडच्या एखाद्या वाचनालयाला स्वखर्चाने पाठवायची. अभिनंदन करायचं असेल तर त्या माणसाला वेगळं करावं, त्यालाही ते अधिक गोड लागतं. आणि गटचालकाला, जो आमचा पाटकरी आहे आणि ज्याला आजवर शिव्यांखेरीज काही मिळालेलं नाही, वर्षाला सगळ्यांनी मिळून पुस्तकं भेट द्यायची. पाटकऱ्याला धान्य मिळत असे. पोस्टमास्तरांना याहून कडक काहीतरी हवं होतं. ‘पहिल्या चुकीला ताकीद, दुसऱ्या चुकीला नॉटपेड,’ असं त्यांचं म्हणणं. नॉटपेड म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गुरुवारी रात्री प्रस्ताव गटावर टाकला. त्याखाली २७ अंगठे आले, दोन गुच्छ आणि एक ‘अप्रतिम’. त्यानंतरचा संदेश एका नव्या कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठाचा होता, परभणीच्या एका कवयित्रीचा, पहिलाच. तिला मी संग्रहाचे पैसे पाठवले आहेत. पुस्तक आलं की वाचून दहा ओळी लिहीन, नियम अजून मंजूर झालेला नसला तरी. आणि कादंबरीबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंना आज सकाळी उत्तर दिलं: पहिली शंभर पानं चांगली आहेत, पुढे लेखक दमला आहे, ग्रंथालयातून आणून वाचा.